पंढरीला जाणारं पाणी

ताम्हिणीच्या माथ्यावर पडणारा पाऊस मुळात पंढरपूरच्या वाटेवरचा. डोंगर उतरला की तो मुळेला मिळायचा, मुळा पुण्यात मुठेला, मुळा-मुठा पुढे भीमेला आणि भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळली की तिची चंद्रभागा व्हायची. मुळशी खोऱ्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांची वाटही हीच. उजाडायच्या आधी जात्याला हात लागला की आधी देवाचं नाव, मग आईबाप, मग भाऊ, मग माहेराची वाट, आणि हे सगळं घेऊन शेवटी पंढरी.

१९२७ पासून या पाण्यातलं पुष्कळसं पाणी पंढरपूरला जात नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ बांधलेल्या धरणात ते अडतं, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून उलटं पश्चिमेला वळतं आणि तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात भिऱ्याच्या वीजघरात सुमारे पाचशे मीटर खाली कोसळतं. तिथून ते कुंडलिका नदीत जातं. कोलाडला सकाळी रबरी होड्यांतून जे राफ्टिंग चालतं, ते भिऱ्याहून सुटणाऱ्या याच पाण्यावर. वीजघराचं पाणी सुटलं की नदी फुगते, आणि ओसरलं की होड्या काठाला लागतात.

पाण्याची दिशा बदलली, तशी गाण्याचीही बदलली. या धरणाविरुद्ध झालेल्या मुळशी सत्याग्रहाचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा पुढाऱ्यांच्या नावांनी सांगितला जातो. त्यात चुकीचं काही नाही. पण त्या खोऱ्यात दोन तऱ्हांची गाणी होती. एक चव्हाट्यावरची, झेंड्याखालची, पुरुषांच्या तोंडची. दुसरी घरातली, जात्याजवळची, बायकांची. पहिलं गाणं तीन-चार वर्षं गाजलं आणि चळवळीबरोबर ओसरलं. दुसरं पुढची साठ-सत्तर वर्षं टिकलं. कोणाचं काय गेलं, याचा हिशेब लावायचा तर दोन्हींकडे कान द्यावा लागतो.

पेट्यातली जमीन

मुळशी हा तेव्हा तालुका नव्हता, पेटा होता, म्हणजे तालुक्याहून लहान महसुली भाग. शिवकाळातले बारा मावळ म्हणतात त्यातले पौड मावळ आणि कोरबारसे मावळ याच भागातले. कैलासगड, घनगड, कोरीगड हे किल्ले खोऱ्याच्या कडेवर उभे. खाचरांत भात, त्यातही आंबेमोहर. वरच्या उतारावर नाचणी, वरी, खुरासणी. पावसाळ्याआधी शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजायचा आणि त्या राखेत भाताची रोपं टाकायची, ही इथली रीत.

इंग्रजी अंमल या डोंगरात धरणाच्याही आधी पोचला होता, आणि तो जंगलातून आला. १८७८ च्या वन कायद्याने डोंगर राखीव होत गेले. राबासाठी फांद्या तोडणं हा गावाचा रिवाज होता, तो सरकारी लेखी जंगलाचं नुकसान ठरू लागला. ठाणे-कुलाबा भागात यावरून एवढी ओरड झाली, की मुंबई सरकारला १८८० च्या दशकात वन आयोग नेमावा लागला. सगळ्यांत जास्त मार बसला तो कातकऱ्यांना. खैराच्या लाकडापासून कात पाडणं हा त्यांचा धंदा, जमातीचं नावच त्यावरून पडलेलं. खैर सरकारी झाला आणि धंदा संपला. मग कोणी कोळसा पाडायला गेलं, कोणी शेतमजुरीला, कोणी पुढे वीटभट्टीवर. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातल्या कातकऱ्यांची वस्ती मुळशीच्या डोंगरात आजही आहे. त्यांच्याबरोबर महादेव कोळी, ठाकर, धनगर, आणि खाचरांत भात लावणारा मराठा कुणबी. या सगळ्यांना मिळून बाहेरचे लोक मावळे म्हणत.

जमिनीच्या मालकीची गोष्ट मात्र वेगळी होती. कसणारा मावळा, पण खातं पुष्कळदा पुण्याच्या सावकाराच्या नावावर. एकोणिसाव्या शतकात सारा रोखीने भरण्यासाठी घेतलेली कर्जं फिटली नाहीत आणि शेतं गहाणातून मालकीत गेली. १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तो दख्खनचा दंगा याच दुखण्यातून झालेला. मुळशी पेट्यातला मावळा त्याच रोगाने आजारी होता. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाचा बारकाईने अभ्यास केला. जमीन सावकारांकडे एकवटलेली होती, ही गोष्ट त्यांच्या मांडणीत मध्यावर आहे. पुढच्या लढ्याचं काय झालं ते तिच्याशिवाय उलगडत नाही.

कायदा गोऱ्यांचा, कंपनी आपली

मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज हवी होती. कोळसा लांबून आणावा लागे. सह्याद्रीचा पाऊस अडवून त्यावर वीज काढायची, ही कल्पना जमशेटजी टाटांची. ते १९०४ साली गेले. त्यांचे चिरंजीव दोराबजी यांच्या काळात लोणावळ्याचे तलाव झाले आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. त्यानंतर आंध्रा खोरं, आणि १९१९ साली मुळशीच्या योजनेसाठी टाटा पॉवर कंपनी निघाली. मुंबईचे गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. मुंबईची वाढ हा त्यांचा ध्यास होता, बॅकबेचा समुद्र भरून काढण्याची योजनाही त्यांच्याच काळातली.

जमीन घ्यायला हत्यार होतं १८९४ चा भूसंपादन कायदा. सार्वजनिक हितासाठी जमीन घेण्याचा अधिकार सरकारला होता आणि कायद्याच्या सातव्या भागाने तोच अधिकार खाजगी कंपनीच्या कामासाठीही वापरता येई. नोटीस निघायची, हरकती ऐकायच्या, निवाडा व्हायचा, पैसे द्यायचे आणि ताबा घ्यायचा. मालकाची संमती विचारण्याची जागा त्या कायद्यात नव्हती. भाव किती, यावर भांडता येई. द्यायचंच नाही, असं म्हणता येत नसे.

पैसे मिळणार कोणाला, तर ज्याचा हक्क कागदावर आहे त्याला. सावकाराचं नाव होतं. बांधावर राबणाऱ्या कुळाचं असलं तर असलं. रानातून कंद, मध, लाकूडफाटा आणणाऱ्या कातकऱ्याचं नव्हतं, आणि घरातल्या बाईचं तर बहुधा कुठेच नव्हतं. पाण्याखाली जाणार होती ५२ गावं आणि सुमारे दहा-अकरा हजार माणसं. कागदावर दिसत होते त्याहून कितीतरी थोडे.

या प्रकरणाची गुंतागुंत इथेच आहे. कायदा परक्यांचा होता, पण कंपनी स्वदेशी. टाटांच्या कारखानदारीचा अभिमान बाळगणाऱ्या देशभक्तांपुढे पेच पडला. स्वदेशी उद्योग वाढावा, असं टिळकांच्या काळापासून पुणं सांगत आलं होतं. आता तोच उद्योग शिवाजीच्या मावळ्यांच्या दारात उभा होता.

रामनवमीचा दिवस

१६ एप्रिल १९२१ ला रामनवमी होती. त्या दिवशी बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. सुरुवातीची जुळवाजुळव विनायकराव भुस्कुटे यांनी केलेली. न. चिं. केळकर, शि. म. परांजपे, शंकरराव देव, भुसावळचे दास्ताने अशी नावं त्यात उतरली. आणि ज्यांचं नाव या लढ्याला कायमचं चिकटलं, ते पांडुरंग महादेव बापट. पारनेरचे, जन्म १८८० चा. एडिंबरोला शिकायला गेले, तिथून पॅरिसला जाऊन बॉम्ब करण्याची विद्या शिकून आले, अलीपूरच्या बॉम्बखटल्यानंतर भूमिगत राहिले आणि पुढे पारनेरात झाडू घेऊन रस्ते साफ करत होते. मुळशीने त्यांना सेनापती केलं. ती पदवी लोकांनी दिलेली, आणि ती त्यांना मरेपर्यंत पुरली.

दिवस मुद्दाम निवडलेला. रामजन्माला मावळात गावोगाव कीर्तन, पाळणा आणि सुंठवडा असतो. जी माणसं त्या दिवशी देवळात जमायची, ती धरणाच्या पायावर जमली. सभेला जोडून भजन आलं. झेंड्याबरोबर टाळ आले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा झाली. तिची ताकद अशी, की ती म्हणायला अक्षरओळख लागत नाही आणि ताल आपोआप बसतो. बापट स्वतः कविता करत. पुढे तुरुंगातही त्यांनी पुष्कळ लिहिलं आणि श्रीअरविंदांचा ‘दिव्य जीवन’ हा मोठा ग्रंथ मराठीत आणला. गाणं हे त्यांना माणसं हलवायचं साधन वाटे. शिवरायांचे मावळे, रायगड, स्वराज्य ही नावं तेव्हाच्या पुण्यातल्या पोवाड्यांतून आणि मेळ्यांतून सगळ्यांच्या ओठांवर होती. मुळशीच्या प्रचारात तीच भाषा वापरली गेली.

त्या भाषेने एक काम चोख केलं. डोंगरातल्या कर्जबाजारी माणसाला तिने वारसा दिला. पण त्या गाण्यातला मावळा हा तलवारवाला मावळा होता. कर्जाखाली दबलेलं कूळ, काताची भट्टी मोडलेला कातकरी, डोक्यावर हंडा घेतलेली बाई त्यात मावत नव्हती. लढ्यात बायका उतरल्या, तुरुंगातही गेल्या. तरी चव्हाट्यावरचं गाणं गाताना त्यांना मावळ्याचाच आवाज काढावा लागे.

काम काही महिने थांबलं. गांधींनी एप्रिल १९२१ च्या ‘यंग इंडिया’त मुळशीवर लिहिलं, टाटांनी कायद्याच्या बळावर न जाता लोकांशी बोलावं, असा त्यांचा सूर होता. पण थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं, आणि फूट पडली ती जमिनीच्या मालकीच्या रेषेवरच. खातेदार सावकारांना धरण नको होतं असं नाही, त्यांना भाव चांगला हवा होता. तो मिळण्याची चिन्हं दिसली, तसे ते बाजूला झाले. कूळ आणि बापट एका बाजूला उरले. धरपकड, तुरुंग, सुटका, पुन्हा धरपकड असं चाललं. अन्याय थांबवताना वेळ पडली तर शस्त्रही उचलावं, या मताचे बापट गांधींच्या चौकटीत बसणारे नव्हतेच. डिसेंबर १९२४ मध्ये मोजके सहकारी घेऊन, हत्यारांसह, ते धरणाच्या कामावरची रेल्वे अडवायला गेले. खटला चालला, सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह तिथे संपला. पुढे धरणही पुरं झालं. बापट बाहेर आले तेव्हा मुळशीच्या पाण्यावरची वीज मुंबईत पोचून काही वर्षं लोटली होती.

धरणाविरुद्धच्या जगातल्या पहिल्या संघटित लढ्यांत मुळशीची गणना होते. व्होरांच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीने तर शीर्षकातच तिला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं आहे. पण पहिलेपणाचा मान विस्थापितांच्या ताटात काही वाढत नाही. गावं उठली. कोणी डोंगरावर वर सरकलं, कोणी नातेवाइकांकडे गेलं, कोणी मुंबईची वाट धरली. मुंबईत डबे पोचवणाऱ्यांत मावळ, मुळशी, जुन्नर, खेड, आंबेगाव इथली माणसं मोठ्या संख्येने आहेत. लोकलच्या डब्यात त्यांचं भजन ऐकलेले लोकही पुष्कळ आहेत. पुरुषांचं गाणं असं शहरात जाऊन टिकलं, कारण वारकरी भजनाला गाव लागत नाही. टाळ आणि चार सोबती पुरतात.

बायकांचं गाणं

जात्यावरच्या ओवीला मात्र गाव लागतं.

जातं कसं चालतं हे ज्यांनी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. खालची तळी जमिनीत पक्की, वरची फिरती. मधल्या तोंडात मुठीने धान्य सोडायचं. दोघी समोरासमोर बसल्या की खुंट्यावर दोघींचे हात वर-खाली पडतात. एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते. नाचणी दळताना दगड हलका जातो, तांदूळ दळताना वेगळा आवाज येतो. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते, नाहीतर पीठ जाडंभरडं पडतं. या फेऱ्याबरोबर ओवी चालते. चालीला बायका गळा म्हणतात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती उचलायची, पहिलीने पुढची टाकेपर्यंत दगड दोन-चार वेळा फिरलेला असतो. ओळ छोटी असते, पण तिला ओढून, मध्ये ‘बाई’, ‘गं’ घालून, नावं फिरवून कितीही लांबवता येते. घरात पुरुष झोपलेले असतात. सासूही बहुधा झोपलेली असते. दिवसातला हाच एक वेळ, की बाई काय म्हणते आहे याला कोणी मध्ये अडवत नाही.

या गाण्यात काय येतं? सीतेचा वनवास फार येतो. राम देव खरा, पण सीतेला घराबाहेर काढणारा नवराही तोच, हे ओवी विसरत नाही. मुलीच्या जन्माचं दुःख येतं. भाऊ येतो, आणि त्याच्याबरोबर माहेराची वाट येते, तिच्यावरची खिंड, ओढा, वडाचं झाड, वेशीवरचा मारुती. नावं घेऊन. ओवीची ही सवय महत्त्वाची आहे. ती ‘गाव’ असं मोघम म्हणून थांबत नाही, गावाचं नाव घेते. नदीचं, डोंगराचं, बाजाराचं घेते.

आता या सवयीवर धरण ठेवून पाहा. मुळशी खोऱ्यात सोयरीक बहुधा जवळपासच्याच गावांत व्हायची. ५२ गावं उठली म्हणजे हजारो बायकांचं एकाच वेळी सासर तरी उठलं, माहेर तरी उठलं, नाहीतर दोन्ही. पुरुषाची जमीन गेली तर त्याला निदान किमतीवर भांडता येत होतं. बाईची वाट गेली. दिवाळीला भाऊ न्यायला येतो ती वाट आणि पंचमीला पोरी झोका बांधतात ते झाड कोणत्याच निवाड्यात मोजलं गेलं नाही. कायद्याच्या लेखी ती मालमत्ता नव्हतीच.

मुळशीच्या बायकांची ओवी मोठ्या प्रमाणावर नोंदवली गेली ती सत्याग्रहानंतर साठ वर्षांनी. पुण्यात राहून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, इथलेच होऊन गेलेले गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरात गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून ओव्या गोळा करायला सुरुवात केली. रस्ता, पाणी, जंगल, वेठ या प्रश्नांवर सभा होत. बायका सभेत बोलायला लाजत, पण ओवी म्हणताना अडखळत नसत. मग संघटनेतल्या बायकांनीच आपल्या गावात, शेजारच्या गावांत जाऊन म्हाताऱ्यांकडून ओव्या लिहून घेतल्या. संगीतावर संगणकाच्या मदतीने काम करणारे बर्नार्ड बेल १९९० च्या दशकात या कामात आले आणि ध्वनिमुद्रण झालं. महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. प्वातवँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. पुढे पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून हा ठेवा लोकांपुढे आणला. राज्यभरच्या बायकांच्या एवढ्या मोठ्या गीतसंग्रहाची सुरुवात सत्याग्रहाच्या खोऱ्यात झाली, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जिथे बोलण्याच्या बाकी वाटा बंद झाल्या होत्या, तिथे हीच एक उघडी होती.

या संग्रहाची विशेष गोष्ट अशी, की त्यात जुनंच गाणं जपलेलं नाही. त्याच गळ्यावर नव्या ओव्या रचल्या गेल्या. दलित वस्तीतल्या बायकांनी बाबासाहेबांना भाऊ मानून ओव्या केल्या. बाबासाहेबांना दिलेलं भावाचं नातं ओवीतल्या जुन्या भावाच्या जागी सहज बसलं. संघटनेवर, मोर्चावर, सरकारी कचेरीवर ओव्या झाल्या. चव्हाट्यावरच्या गाण्यात ज्यांना मावळ्याचा आवाज काढावा लागला होता, त्यांना इथे आपल्याच आवाजात बोलता आलं.

विजेने काय केलं

मुळशीच्या पाण्यावर तयार झालेल्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या. ज्या डोंगरातून पाणी उचललं, तिथल्या वाड्यांवर वीज पोचायला स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं गेली. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. जलाशय कंपनीचा, काठावरची जमीनही पुष्कळशी कंपनीची, आणि वाडीवर उन्हाळ्यात पाण्याची वणवण.

वीज आल्यावर गावात सगळ्यांत आधी काय आलं असेल, तर पिठाची गिरणी. आधी डिझेलवर धडधडणारी, मग विजेवर घरघरणारी. जातं कोपऱ्यात गेलं. दळणाबरोबर ओवी होती, दळण गेलं तशी ओवीची रोजची जागाही गेली. ज्या पाण्याने एका पिढीचं गाव नेलं, त्याच पाण्याच्या शक्तीने दुसऱ्या पिढीच्या घरात येऊन गाण्याचा प्रसंग नेला, असं म्हणावंसं वाटतं.

वाटतं, पण तेवढ्यावर थांबणं बाईच्या पाठीवर अन्याय करणारं होईल. पहाटे चारला उठून पाच-सहा जणांचं पीठ दळायचं आणि मग दिवसभर खाचरात वाकायचं, हे कष्ट ज्यांनी केले त्यांनी गिरणीला शिव्या दिल्या नाहीत. ओवीतच जात्याला ईश्वर म्हटलेलं आहे आणि ओवीतच हात भरून आल्याची तक्रारही आहे. आपण शहरात बसून ‘जात्यावरचं गाणं गेलं’ असा उसासा टाकायचा आणि दळणारीने दळतच राहायचं, ही वाटणी बरोबर नव्हे. गिरणीने बाईचा एक तास वाचवला. तो तास तिला बोलायला मिळाला का, हा खरा प्रश्न. बहुतेक घरांत तो तास दुसऱ्या कामाने गिळला, आणि सभेत बोलायला ती तेवढीच अवघडत राहिली.

ओवी पुरती गेलेलीही नाही. लग्नाआधी हळद दळायला आजही जातं पुसून, कुंकू लावून, सुपारी बांधून मांडतात. पाच सवाशिणी हात लावतात आणि म्हाताऱ्या ओवी म्हणतात. रोजच्या कष्टातून सुटलेलं हे गाणं सणासमारंभात उरलं आहे. त्यात नवरा-नवरीला आशीर्वाद असतात. सीतेचा जाब विचारणाऱ्या ओव्या मांडवात सहसा कोणी म्हणत नाही.

दूरची एक नदी

अशी गोष्ट जगात इतरत्रही घडली. नॉर्वेच्या उत्तरेला आल्टा नदीवर धरण बांधायचं ठरलं, तेव्हा तिथल्या सामी लोकांनी १९७९ ते १९८१ या काळात मोठा विरोध केला. रेनडिअर पाळणारा हा समाज. मिशनऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या त्यांच्या गाण्याला, योइकला, पापाचं मानलं होतं. शाळांतून ते दडपलं गेलं होतं. सामी तरुण ओस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसले. १९८० साली युरोव्हिजन या गाण्याच्या स्पर्धेत नॉर्वेने पाठवलेल्या गाण्यात सामी गायक मात्तिस हेत्ता यांनी योइक म्हटला, तो या लढ्याच्याच पार्श्वभूमीवर. धरण थांबलं नाही, १९८७ साली ते पुरं झालं. पण १९८९ साली सामी लोकांची स्वतःची निवडलेली संसद सुरू झाली. नदी हरली तरी गाणाऱ्याचं म्हणणं ऐकण्याची एक जागा उभी राहिली. मुळशीत नदीही गेली आणि अशी जागाही झाली नाही.

त्याच तालुक्यात पुन्हा

इंग्रज गेले, कायदा राहिला. १८९४ चा भूसंपादन कायदा स्वतंत्र भारतात साठ वर्षांहून जास्त चालला. १ जानेवारी २०१४ ला नवा कायदा आला तेव्हा तो संपला. मधल्या काळात याच सह्याद्रीच्या पट्ट्यात पानशेत, वरसगाव, पवना, टेमघर ही धरणं झाली. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. कायदा आधी झाला, तशी पुनर्वसनाची गाऱ्हाणीही पिढ्यान् पिढ्या चालली. मग मोसे खोऱ्यात वरसगावच्या पाण्याकाठी लवासा आलं आणि २०१० साली पर्यावरण मंत्रालयाने ते काम थांबवेपर्यंत डोंगर कापले गेले. हिंजवडीचं माहिती तंत्रज्ञान उद्यानही याच तालुक्यात आहे.

यातून नवं गाणं आलं. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आला. जमिनी विकून आलेला पैसा, तो संपल्यावरची पोकळी आणि गुन्हेगारीकडे वळलेली शेतकऱ्याची पोरं, ही त्याची गोष्ट. त्यातलं एक गाणं महाराष्ट्रभरच्या वरातींत वाजलं. त्यावर नाचणाऱ्यांत जमीन विकणाऱ्यांची पोरं होती, तशी जमीन घेणाऱ्यांचीही असतील. १९२१ च्या पोवाड्यात मावळा तलवार घेऊन उभा होता, या गाण्यात तो पिस्तूल घेऊन उभा आहे. दोन्ही वेळा गाण्याला पुरुष हवा होता आणि त्याच्या हातात हत्यार हवं होतं. दोन्ही वेळा मागे उरलेल्या बाईचा आवाज गाण्याबाहेरच राहिला.

साक्ष

वसाहतीचं राज्य संपून पाऊणशे वर्षं उलटली, तरी मुळशीत त्याची सावली दोन ठिकाणी स्पष्ट दिसते. एक, पाणी अजून पश्चिमेला पडतं. टाटांच्या धरणांचं पाणी भीमेच्या खोऱ्यात परत वळवावं, अशी मागणी दुष्काळ आला की जोर धरते. समित्या बसतात, घनफूट मोजले जातात. त्या चर्चेत पुणं बोलतं, सोलापूर बोलतं, मुंबई बोलते. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्या शेतात हे पाणी उभं राहिलं, त्यांची नातवंडं काठावर राहतात आणि त्यांना बहुधा प्रेक्षक म्हणूनच बोलावलं जातं. दोन, कागदावर नाव असलेल्यालाच बाधित मानायचं, ही १८९४ ची नजर. नव्या कायद्याने ती थोडी रुंद केली. भूमिहीन मजूर, जंगलावर जगणारे आदिवासी आता त्यात येतात, आणि प्रकल्पाआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करावा लागतो. तो अभ्यास करणारे गावात येतात तेव्हा घरं मोजतात, विहिरी, आंब्याची झाडं, देवळं मोजतात.

त्यांनी आणखी एक करायला हरकत नाही. जात्याजवळच्या म्हाताऱ्या बाईला विचारावं. ती ओवीत कोणतं माहेर घेते, कोणत्या वाटेने जाते, मध्ये कोणती नदी ओलांडते, हे लिहून घ्यावं, आणि ते लोकसाहित्याच्या कपाटात न ठेवता सुनावणीच्या कागदांना जोडावं. हेमा राईरकर आणि त्यांच्याबरोबरच्या डोंगरी बायकांनी हे सोपं करून ठेवलं आहे. लाखभर ओव्या गावाच्या, गाणारीच्या नावानिशी नोंदलेल्या आहेत. मुळशीचा निवाडा पुन्हा लिहिता येणार नाही. पण पुढच्या खोऱ्याचा निवाडा लिहिताना, सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचं काय गेलं हे माहीत नव्हतं, असं आता कोणाला म्हणता यायचं नाही.